बाळा राऊळांचा लेटमार्क

भांडुपच्या टेकडीवर, जिथे रिक्षावाला "पुढे नाय जाणार" म्हणून हात वर करतो आणि उरलेला चढ आपल्या पायांनी चढावा लागतो, तिथल्या एका चाळीत बाळा राऊळांचं बिऱ्हाड आहे. खोली एक आणि फ्रीज दोन. नवीन पाहुण्याला वाटायचं, वा, बरी सुबत्ता दिसते. मग तो पाणी घ्यायला उठायचा, चुकून दुसऱ्या फ्रीजच्या दाराला हात लावायचा, आणि बाळा असा काही ओरडायचा की पाहुण्याची तहानच मरायची. त्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याचं काहीही ठेवायचं नाही असा दंडक होता. पाण्याची बाटली नाही, लिंबू नाही, बायकोच्या गुडघ्याला लावायची बर्फाची पिशवीसुद्धा नाही. आत होते कांद्यासारखे दिसणारे गड्डे, कोरड्या भुशात झोपवलेले. ट्यूलिपचे.

बायको सुगंधा त्या फ्रीजला सवत म्हणायची. खरी सवत असती तर निदान नळावर भांडता तरी आलं असतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. लग्नात मिळालेला तिचा फ्रीज दोनदा बंद पडला तेव्हा बाळाला दुरुस्तीला वेळ नव्हता, आणि धंदा काय, तर फ्रीज-एसी दुरुस्ती! बाप कुडाळकडचं गाव सोडून गिरणीत आला, गिरणी बुडाली, आणि पोरगा मुलुंडच्या एका दुकानात स्क्रू पिळता पिळता कारागीर झाला. सगळ्या मुलुंडचे फ्रीज गार करून हा घरी यायचा आणि घरचं दूध नासायचं.

हे वेडही मुलुंडमधूनच आलं. एका गुजराती आजींचा फ्रीज बिघडला होता आणि आत मुलाने परदेशातून आणलेले ट्यूलिपचे गड्डे होते. बाळाने ते वाचवले, म्हणून आजींनी त्यातले थोडे त्याला दिले. थंडीत चाळीच्या मागच्या खडकाच्या सावलीत ते फुलले, काही लाल, काही पिवळे. एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. बाळाने काडीला कापूस गुंडाळला, पिवळ्याचे पराग लालाला चोपडले, बोंड धरलं, बी धरलं, आणि ते बी पेरलं. तेव्हा मुलगी ऋतिका शाळेत होती. आता ती ऐरोलीला नोकरीला जाते.

ट्यूलिपला एक कडक हिवाळा भोगल्याशिवाय फूल येत नाही, आणि भांडुपचा हिवाळा म्हणजे आंघोळीला पाणी तापवायचं की नाही एवढ्याच वादाचा. म्हणून फ्रीज. उन्हाळा-पावसाळाभर तो बेताच्या गारव्यावर चालायचा. गणपती झाले की बाळा बटण पिळून कडाक्याची थंडी लावायचा, आणि डिसेंबर संपता संपता गड्डे कुंड्यांत जायचे. पण खरा वैरी ऊन नव्हतं. इथल्या उबट, ओल्या मातीत बुरशी लागते आणि गड्ड्याचं बूड कुजतं. वर पान हिरवंगार असतं, आणि खाली बोट घातलं तर नुसता लगदा हाताला येतो.

यावर बाळाचा उपाय सुगंधाला कधीच पटला नाही. दुसरा कुणी माती बदलेल, औषध घालेल. हा पठ्ठ्या ज्या कुंडीत मागचे कुजले त्याच मातीत नवे लावायचा.

"मरतले ते मरतले," तो म्हणायचा. "उरात ता आपला."

"पोरांक असाच वाढवल्यात असतात तर?" सुगंधा विचारायची.

"भांडुपात आणि कसा वाढवलंय?" असं त्याचं उत्तर.

वर्षामागून वर्षं ते मरत गेले. दर साली गड्डा खोदून काढताना बाळाचा चेहरा पडायचा, आणि त्या दिवशी घरात कुणी टीव्ही लावायचं नाही. असं करता करता एकच उरला. तो ना कुजला ना सडला. आधी चिंचोक्याएवढा होता, मग सुपारीएवढा झाला. त्याची खोड एकच, सगळं उशिरा. बाकीच्यांची पानं पिवळी पडायला लागली की हे महाराज कोंब काढणार. ऋतिकाने त्याचं नाव ठेवलं लेटमार्क, तिच्या ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला की लागतो तो. नाव चिकटलं. चाळीतली माणसंही विचारायला लागली, काय बाळाशेठ, लेटमार्क उगवला का?

मग एका वर्षी उन्हाळ्यात गड्डा काढला तेव्हा तो चांगला लिंबाएवढा झाला होता. एवढा मोठा गड्डा फूल धरतोच. बाळा हरखला. बीपासून आलेलं झाड, म्हणजे त्याचा रंग ना आईचा ना बापाचा, काहीही असेल, आणि तो आजवर जगात कुणीही पाहिलेला नाही. हे त्याने सुगंधाला एवढ्या वेळा सांगितलं की तिला झोपेतही पाठ झालं होतं.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याचे डोळे गेले.

दोन्ही एकदम नाही. साखर त्याला बऱ्याच वर्षांची होती, आणि साखरेशी त्याचं वागणं गावच्या भावकीशी असतं तसं, म्हणजे आहे हे मान्य, पण बोलणं नाही. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी आली ती हललीच नाही. मग तपासण्या, लेझर, डोळ्यात घ्यायची इंजेक्शनं, ज्यांचं नाव काढलं तरी सुगंधा कानांवर हात ठेवायची. डॉक्टर शेवटी म्हणाले, "उजव्याचं आता काही होणार नाही. डावा आहे, पण पडदा फार खराब झालाय, राऊळ. उन्हाळ्यापर्यंत दिसेल असं धरून चाला. त्यापुढचं मी नाही सांगू शकत."

"उन्हाळा म्हणजे डॉक्टर, कुठला महिना?" बाळाने विचारलं. "मार्च पकडू की एप्रिल?"

डॉक्टरांना वाटलं हा माणूस घासाघीस करतोय. सुगंधाला मात्र समजलं, आणि तिथेच खुर्चीवर तिला रडू कोसळलं. लेटमार्क मार्चच्या आधी फुलणारा नव्हता. बाकी सगळ्या जगाला घाई असताना ज्याला उशीर करायचीच खोड, त्याच्याशी या माणसाने आपल्या डोळ्यांची शर्यत लावली होती.

गणपतीला गावी न जाणारा कोकणी माणूस म्हणजे कुळाला बट्टा. बाळा कितीतरी वर्षं गेला नव्हता, का, तर लाइट गेली तर फ्रीजकडे कोण बघणार? भावकीत त्यावरून काय काय बोललं जायचं ते सुगंधाच ऐकून घ्यायची. त्या वर्षी तो स्वतःहून म्हणाला, "जाऊया." ऋतिकाने रजा टाकली, फ्रीजची राखण घेतली, लाइट गेली तर बर्फ कुठून आणायचा ते तोंडपाठ केलं, आणि ही दोघं गाडीत बसली.

गावच्या घरात आरती झाल्यावर गाऱ्हाणं घालायला चुलते दादू उभे राहिले. घरातले सगळ्यात वयस्क तेच, त्यामुळे देवाशी बोलायचा मान त्यांचा. बाळा देवासमोर हात जोडून उभा होता, मान खाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो सुगंधाला म्हातारा दिसला.

"बा देवा गणपती म्हाराजा," दादूंनी आवाज लावला, "आज ह्यो तुझो लेकरू लय वर्सांनी तुझ्या पायाकडे इलो आसा. काय चूक-भूल झाली असात ती पदरात घे. तेच्या डोळ्यांक उजेड ऱ्हवांदे. तेना जीव लावून वाढवलेला ता फूल तेच्या डोळ्यांदेखत फुलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं. सुगंधाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

निघायच्या दिवशी दादूंनी माटवीला हात घातला. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती लाकडी चौकट. तिला नारळ, काकडीसारखी तवशी, सुपारीचे घोस, केळी, रानातलं काय काय टांगलेलं असतं. दादूंनी परसातल्या केळीचा एक हिरवट फणा सोडवला आणि बाळाच्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, "तुझ्या गड्ड्याच्या अंगाक लावन ठेव. देव सोबत ऱ्हवात."

भांडुपला आल्यावर बाळाने पायसुद्धा धुतले नाहीत. सरळ सवतीचं दार उघडलं, लेटमार्कचा ट्रे ओढला, आणि गड्ड्याला खेटून तो फणा ठेवला. सुगंधा बघतच राहिली.

"अहो, लिंबू चालत नाय आणि ही केळी?"

"ही फळा न्हय गो," तो म्हणाला. "ह्यो देव आसा."

फ्रीज तेव्हा बेताच्या गारव्यावर होता. केळी आत मजेत पिकली. दार उघडलं की खोलीभर गोड वास सुटायचा, आणि सुगंधाला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत त्या फ्रीजला पहिल्यांदा घराचा वास आला होता. येता-जाता ती त्याच्यापुढे हात जोडायला लागली. ज्या सवतीच्या नावाने बोटं मोडली तिच्याच पाया पडायची वेळ आली, पण तिला त्याची लाज वाटली नाही. अनंत चतुर्दशी झाली, बाळाने बटण पिळलं, थंडी लागली, केळी काळी ठिक्कर पडली. तरी ती डिसेंबरपर्यंत तशीच राहिली. देव कुणी उचलून टाकतं का?

लेटमार्क कुंडीत गेला. बाजारातली कोळीण रुक्मिणी दुपारी टोपली आवरताना उरलेला बर्फ सुगंधासाठी बांधून ठेवायची. बोंबलाच्या वासाचा तो बर्फ सुगंधा चढावरून घेऊन यायची आणि कुंडीभोवती रचायची. गुडघा ठणकायचा. पूर्वी याच झाडाला तिने शिव्या घातल्या होत्या, आता ती त्याच्यापुढे बसून बोलायची. ह्यांना एकदा दिसू दे, मग तू खुशाल मर, असं अगदी स्पष्ट सांगायची.

पान आलं, दुसरं आलं. कुजण्याचं नाव नाही. पण बाळाचा डावा डोळाही धुरकटत चालला होता. तो चहा कपाच्या बाहेर ओतायचा आणि कप हलला म्हणायचा. स्क्रू सापडेनात म्हणून कामं सुटली. रोज सकाळी कुंडीपाशी नाक टेकेपर्यंत वाकायचा आणि विचारायचा, "काय दिसता गो?"

"पान."

"पानांच्या मधे?"

"अजून काय नाय."

या "काय नाय"ची सुगंधाला धास्ती बसली होती. एकदा तिने "वाटता काय तरी" असं म्हणून बघितलं, तर त्याने इतक्या आशेने तोंड वर केलं की पुन्हा तिची छाती झाली नाही.

फेब्रुवारी सरताना खरोखरच पानांच्या मधे हिरवं टोक दिसलं. कळी! बाळाने बोटाचं टोक तिला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्या दिवशी घरात शिरा झाला, त्याच्या वाट्याचा बिनसाखरेचा. मग मार्च लागला. ऊन चढलं. दांडा म्हणावा तसा वर येईना. सुगंधा दिवसातून दोनदा बर्फ आणायला लागली. रुक्मिणी म्हणाली, "बाय, माशांपेक्षा तुझाच बर्फ जास्ती जातो." हसण्यासारखं होतं, पण सुगंधाला हसू आलं नाही.

आणि एका सकाळी ती भांडी घासत असताना मागून हाक आली.

"सुगंधा! अगो, पांढरा! फूल पांढरा आसा गो!"

ती साबणाच्या हाताने धावली. बाळा कुंडीपाशी उकिडवा बसला होता, हात हवेत, तोंडभर हसू. कळी खरंच पांढरी झाली होती. पण सुगंधाचा जन्म कांदे सोलण्यात गेलेला. पांढरी पाकळी आणि वाळलेलं साल यातला फरक तिला दुरूनही कळला. कळी कागदासारखी सुकली होती. उजेड आरपार जात होता, आत काही नव्हतं.

"सांग ना, पांढराच ना?"

"व्हय," सुगंधा म्हणाली.

"सफेद की दुधी?"

"दुधी."

"बघितलंस! लाल-पिवळ्याच्या पोटी दुधी! कोणाक तरी वाटला असता काय?" तो चाळभर ओरडला. शेजारी आले. त्यांनी कुंडी बघितली, मग सुगंधाकडे बघितलं, आणि तिने हात जोडले तसे म्हणाले, "झकास, बाळाशेठ. मस्त आहे." तो प्रत्येकाला जवळ बोलावून दाखवत होता. सुगंधाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. खोटं बोलून दिलेला आनंद इतका जड असतो हे तिला माहीत नव्हतं.

ऋतिका त्या दिवशी घरीच होती. तिला बघताक्षणी कळलं, पण तिला वाटलं अजून काही औषधपाणी होत असेल. तिने फोटो काढून अक्षता मॅडमना पाठवला. या मॅडम फुलझाडांची लागवड शिकवणाऱ्या. मुलुंडच्या एका प्रदर्शनात त्यांची बाळाशी ओळख झाली होती आणि त्या कौतुकाने चौकशी ठेवायच्या. फोटो गेला आणि थोड्याच वेळात फोन आला. ऋतिका फोन घेऊन बाहेर सटकणार तेवढ्यात बाळाने हात पुढे केला.

"मॅडमांचा? दे हयसर. स्पीकर लाव."

"राऊळकाका," मॅडम सावकाश म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. कळी आत वाळली आहे. झाड छान आहे, अगदी निरोगी आहे. पण फूल गड्ड्यातच मेलं होतं."

बाळाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्याला ते काढून घ्यायचं सुचलं नाही.

"काका, पावसाळ्यात गड्ड्याच्या पोटात कळी तयार होत असते. तेव्हा त्याच्याजवळ फळं वगैरे ठेवली होती का? केळी, सफरचंद? पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो. त्याने गड्ड्याला काही होत नाही, पण आतली कळी मरते."

"छे!" बाळा म्हणाला. "फळं? माझ्या फ्रीजमध्ये? मॅडम, लिंबूसुद्धा—"

आणि तो थांबला.

सुगंधाने त्याचा चेहरा बघितला. तिला आठवलं आणि त्यालाही आठवलं, एकाच क्षणी. पुढचं तिने विचार न करताच केलं. फोनवर वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "मीच ठेवली होती, मॅडम. बाजारातली केळी. यांना न विचारता. मला मेलीला काय कळतंय!"

मॅडम बरंच काही बोलल्या. सहज होतं असं, तुमची काही चूक नाही, पुढच्या वर्षी नक्की फुलेल. ऋतिकाने फोन बंद केला. शेजारी एकेक करून आपापल्या दारात गेले.

"खोटा कित्याक बोललंस?" बाळाने विचारलं.

"खोटा नाय. मीच—"

"केळी माझ्या हातान ठेवलंय मी. देवाच्या डोक्यावरची आणून ठेवलंय." त्याचा आवाज फाटला. "देवाक वाचवतंस?"

सुगंधाला देवाचं काही सुचलंच नव्हतं. तिला एवढंच वाटलं होतं की या माणसाला चिडायला आता कुणीतरी पाहिजे. देवावर चिडून तो जगायचा नाही. स्वतःवर चिडला तर त्याहून नाही. बायकोवर चिडून माणसं खुशाल जगतात.

"ओरडा ना," ती म्हणाली. "अहो, माझ्यावर ओरडा. काय तरी बोला."

तो ओरडला नाही. ज्या लेटमार्कला बुरशीने मारू नये म्हणून बाळाने त्याच्या सगळ्या भावंडांना कुजू दिलं, त्याला त्याने स्वतः, हात जोडून, नैवेद्यासारखं मारलं होतं. तो रडला. लहान पोराने रडावं तसा, आवाज करून, आणि दिसत नसलेल्या डोळ्यातूनही पाणी आलं. सुगंधा त्याच्या शेजारी मातीत बसली आणि तीही रडली, आपला गुडघा, आपला बर्फ, आपलं "व्हय म्हाराजा", सगळ्यासाठी.

बऱ्याच वेळाने बाळाने नाक पुसलं आणि कुंडीत बोटं खुपसली. वरची माती उकरत खाली गेला आणि अंगठ्याने गड्ड्याचं बूड चाचपलं. इकडून दाबलं, तिकडून दाबलं.

"घट्ट आसा," तो म्हणाला. "कुजाक नाय."

ऋतिका इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली. "मग पप्पा, मॅडम बोलल्यात ना, पुढच्या वर्षी नक्की येणार फूल. पानं सुकली की मी काढते आणि परत फ्रीजला लावते. लावू ना?"

बाळाने माती हलकेच परत लोटली. आवाज आला त्या बाजूला तोंड केलं, पण ऋतिका जरा डावीकडे होती.

"लाव," तो म्हणाला. "येतला फूल. तुमका दिसतला."